भरल्या ग्लासाची थंडी

"हिला काय होतच नाय, शेठ. मग पाणी कशाला सांडंल?"

रुपजीकाका गवताच्या गंजीमागून बोलले. मला ऐकू जाईल असं त्यांना वाटलं नसावं. मी साकरच्या पाठीवर होते. डाव्या हातात लगाम, उजव्या तळहातावर काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास. चिकूच्या दोन रांगांमधल्या मातीच्या वाटेवर आमची सहावी फेरी चालली होती. रेवाल म्हणून घोड्याची एक चाल असते, चालण्याहून वेगवान आणि दौडीहून हळू. चारही पाय वेगवेगळे पडतात आणि वर बसलेल्याला धक्का लागत नाही. ती चाल पक्की झाली का, हे बघायला बसणाऱ्याच्या हातात पाणी देतात. पाणी सांडलं तर चाल कच्ची.

"हात सारो छे एनो, चांगला आहे हात," घोडीचे मालक हसमुखभाई म्हणाले. "दिवसभर लोकांना सुया टोचते. हात हलवून कसं चालेल?"

"हाताचं नाय म्हणत मी," रुपजीकाका म्हणाले.

सातव्या फेरीला मी त्यांच्यासमोरून गेले, तेव्हा दोघेही साकरच्या पायांकडे बघत होते. मीही पुढे बघत राहिले. पाणी सांडलं नाही.

आज सकाळी तलासरीला जाताना माझ्या स्कूटरपुढे गवताचा ट्रक होता. आमच्याकडे भातकापणी उरकली की माळावरचं गवत कापतात, गठाणी बांधतात आणि ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडे निघतात. गवत दोन्ही बाजूंनी इतकं बाहेर आलेलं असतं की ट्रकला मागे टाकता येत नाही. मी वीस मिनिटं त्याच्यामागे होते. काड्या उडून हेल्मेटच्या काचेवर चिकटत होत्या. सुक्या गवताला थोडा गोडसर वास असतो, आणि त्या वासाबरोबर मला २०१७ची थंडी आठवली. आठवली म्हणजे त्रास झाला असं नाही. दाताच्या डॉक्टरने बधिर केलेल्या हिरडीला जीभ लावून बघावी, तसं काहीतरी.

मी तलासरीत एका छोट्या दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. रक्त काढते, नळ्यांवर नावं लिहिते, मशीनमध्ये लावते. शाळा डहाणूची, इंग्रजी माध्यमाची. शाळेच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी बाईंनी माझ्याबद्दल एकच शेरा लिहिला: शांत मुलगी. घरी तो कौतुकाचा वाटायचा. मला कधी कळलं नाही की तो कौतुकाचा होता की त्यांना माझ्याबद्दल लिहायला दुसरं काही सापडत नव्हतं.

हसमुखभाईंकडे मी पहिल्यांदा गेले ती त्यांच्या साखरेच्या तपासणीसाठी. चिखल्याला त्यांची चिकूची वाडी. मुलं सुरतेला, बायको गेलेली, आणि ते स्वतः सुईला घाबरणारे. रक्त काढताना ते मान वळवून खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "बेटा, लोही ओछुं लेजे." रक्त कमी घे. मी घेतलं की विचारायचे, "थई गयुं?" झालं? त्यांना कळलेलंच नसायचं. ते खिडकीबाहेर ज्या दिशेला बघायचे, तिथे एक पांढरी घोडी बांधलेली असायची. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मीही सुई काढून कापूस दाबला आणि तिकडेच बघत राहिले.

"बसायचं आहे?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. त्यांनी रुपजीकाकांना हाक मारली.

घोडीचं नाव साकर. काठियावाडी, हसमुखभाईंनी ऐन हौसेच्या दिवसांत आणलेली. तिला सांभाळायचे रुपजीकाका, मूळचे सायवनचे. वय पन्नास-पंचावन्न, बोलणं मोजकं आणि टोचणारं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात खरारा दिला आणि म्हणाले, "आधी घासून काढ. बसनं मागाहून." महिनाभर मी नुसती घासत होते. साकर मधूनमधून मागे वळून बघायची, कोण आहे ते, आणि परत गवतात तोंड घालायची. मला ते बरं वाटायचं. तिला माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा नव्हती.

लोक विचारतात, नोकरी सांभाळून घोडा कसा जमतो. मी सांगायचे, तिथी बघून जमतो. लोक हसायचे, पण ते खरंच होतं. मला नऊला लॅबमध्ये पोचायचं असायचं, म्हणजे आठला वाडी सोडायची. साकरला चाल शिकवायला कडक, सपाट जमीन हवी, आणि तशी जमीन आमच्याकडे एकच, ओहोटीनंतरची ओली वाळू. पुनव-अमावास्येच्या आसपास पहाटे समुद्र लांब गेलेला असतो आणि किनारा सिमेंटसारखा घट्ट. अष्टमीला त्याच वेळी पाणी सुरूच्या झाडांपर्यंत. मग वाडीतल्या वाटेवर भागवायचं. माझ्या मोबाइलमध्ये दोन वेळापत्रकं होती, एक ड्युटीचं, एक भरती-ओहोटीचं. दोन्ही जुळायचे असे महिन्यात नऊ-दहा दिवस मिळायचे. त्यातून आईने ठरवलेल्या गोष्टी वजा. पाहुणे, बारसं, डोळ्यांचा डॉक्टर.

"केतकी, केसांना वास येतो तुझ्या," आई म्हणायची. "आणि तशीच दवाखान्यात जातेस?"

"टोपी घालते."

"टोपी पेशंटसाठी असते. घोडीचा वास लपवायला नाही."

ती बरोबर होती. एकदा दापचरीकडची एक म्हातारी रक्त द्यायला बसली, आणि मी वाकले तशी तिने हुंगून विचारलं, "बाई, तुज्या घरी घोडा हाय?" मी मान हलवली. ती खूश झाली. शीर सापडत नव्हती, तीन ठिकाणी बघावं लागलं, पण ती घोड्याबद्दलच विचारत राहिली. किती खातो, लाथ मारतो का. मी नेहमीपेक्षा चार शब्द जास्त बोलले असेन. एरवी मी "मूठ मिटा" आणि "आता सोडा" एवढ्यावर दिवस काढू शकते.

त्या वर्षी पावसाळ्यात माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मोडलं म्हणजे भांडण वगैरे काही नाही. त्यांच्याकडून फोन आला, आईने घेतला, ती खुर्चीवर बसली. रात्री बाबांनी मला विचारलं, "तुला काही म्हणायचं आहे का?" मी नाही म्हणाले. तो मुलगा मला आवडला होता की नाही, हे मी आजही सांगू शकणार नाही. पण सगळे माझ्याकडे बघत होते, ही आता रडेल म्हणून. मावशी खास पालघरहून आली. मी तिला पोहे करून दिले. ती जाताना आईला दारात म्हणाली, हिचं काही कळत नाही बाई. तेही मला ऐकू आलं. माझ्याबद्दलचं बरंचसं मला असंच कळलेलं आहे, दाराआडून किंवा गंजीमागून.

मी दु:ख दाबत होते असं नाही. हात घालून बघितला तर तिथे काही लागत नव्हतं. सकाळी वाळूवर वारा इतका गार असायचा की लगाम धरलेली बोटं कळेनाशी व्हायची, आणि मला वाटायचं, हे बरं आहे, याला निदान कारण आहे. नीरा उतरवणारे खजुरीवर चढलेले असायचे. वरून कोणीतरी ओरडायचा, "ए घोडेवाली, पाणी सांडला." मी बघायचे. सांडलेलं नसायचं. तो वर हसत असायचा.

साकरमध्ये एक खोट होती. आमच्याकडे घोडा घेणारे लोक अंगावरचे केसांचे भोवरे बघतात. मानेखाली अमुक ठिकाणी असला तर शुभ, खांद्यावर असला तर वाईट, अशी त्यांची मोठी यादी असते. सगळ्यांत वाईट तो डोळ्याखालचा. त्याला आसूढाळ म्हणतात. अशी घोडी ज्या घरात जाते, ते घर रडतं, असं मानतात. साकरच्या डाव्या डोळ्याखाली रुपयाएवढा भोवरा होता. हसमुखभाईंनी घेतली तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर दोनदा त्यांनी ती विकायला काढली. दोन्ही वेळा माणसं आली, कान बघून खूश झाली, चाल बघून खूश झाली, आणि डाव्या बाजूला गेल्यावर चहा न पिता परत गेली.

म्हणजे माझ्या सकाळी त्या एका भोवऱ्यावर टिकल्या होत्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरारा करताना मी त्या भोवऱ्यावर बोट फिरवायचे. केस मधून सुरू होऊन गोल जायचे, आणि ती डोळा अर्धा मिटायची.

दिवाळीनंतर हसमुखभाईंनी सांगितलं की मुलगा त्यांना सुरतेला नेणार आहे. डोळे अधू झाले होते, पायाची जखम भरत नव्हती. वाडी करायला देणार. "घोडी तर सुरतेच्या फ्लॅटमध्ये नाही नेता येणार ना," ते म्हणाले आणि मी हसेन म्हणून थांबले. जानेवारीत तलासरीजवळ हायवेच्या कडेला घोड्यांचा मेळा भरणार होता. चालीची स्पर्धा होती. तिथे साकर दाखवायची. वापीकडचे घेणारे येतात. "तू बस तिच्यावर. तुझ्यासारखं पाणी कोणाच्याच हातात राहत नाही."

मी विचारलं, "कोण घेईल?"

"वरातीवाले घेतील. पांढरी आहे."

पुढच्या आठवड्यात रुपजीकाका तबेल्याच्या दारात बसून नवी मोहरकी शिवत होते. मोहरकी म्हणजे घोड्याच्या तोंडावरचा पट्ट्यांचा साज. विवळवेढ्याच्या जत्रेतून आणलेले लोकरीचे गोंडे ते पट्ट्यांना लावत होते. उजव्या गालाला एक. डाव्या गालाला तीन, एकाखाली एक, दाट.

"डावीकडे जास्त झाले," मी म्हणाले.

"दिसतंय माना." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तू पाणी बघ."

ते सायवनला घरी जायचे तेव्हा साकर दोन दिवस नीट खायची नाही, आणि परत आल्यावर ते तिला शिव्या देत चंदी भरवायचे. आता तेच गोंडे लावत होते. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. शेठचं मीठ म्हणा, सवय म्हणा. मीही रोज पहाटे येऊन तिची चाल पक्की करतच होते. ती जितकी चांगली चालणार, तितकी लवकर जाणार, हे मला माहीत होतं. चाल बिघडवणं सोपं होतं. लगाम जरा ओढून धरला, बसण्यात जरा ढिलाई केली, तरी महिन्याभरात घोडी अडखळायला लागली असती. ते माझ्या मनात आलं होतं. एका अमावास्येच्या सकाळी मी लगाम तसा धरूनही बघितला. साकरने दोन पावलं चुकवली आणि कान मागे केले, माझं काय चुकलं म्हणून विचारल्यासारखे. मी हात सैल सोडला. पुन्हा ते केलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्या मेळ्यात बसायचंही होतं. मला कुणीतरी बघावं असं आयुष्यात क्वचित वाटलं असेल. तेव्हा वाटलं होतं.

मेळ्याचा दिवस रविवार. लॅब एकपर्यंत. शेवटच्या दोन नळ्या मशीनला लावून मी तशीच निघाले. पांढरा कोट स्कूटरच्या डिकीत, केसांना स्पिरिटचा वास. कापणी झालेल्या मोकळ्या शेतात दोऱ्या बांधून रिंगण केलं होतं. उसाचा रस, भजी, कर्कश लाउडस्पीकर. माझ्या पाठीला कागदाचा नंबर लावला तेव्हा लावणाऱ्याने टाचणी कुठे टोचायची म्हणून दोनदा हात मागे घेतला. शेवटी मीच लावून घेतला. बसणाऱ्यांत मी एकटीच बाई होते. कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरीण आहे ती, तलासरीची." कुणीतरी म्हणालं, "कंपाउंडर." दोन्ही चूक होतं.

रिंगणात आम्ही अकरा जण होतो. उन्हात ग्लासातलं पाणी चमकत होतं, आणि मी त्या पाण्याकडे न बघता साकरच्या कानांमधून पुढे बघत होते. शेताची जमीन वाळूसारखी नव्हती, भाताचे बुडखे लागत होते. ती त्यांच्यावरूनही तशीच गेली, आपला वेळ घेत, मान उंच धरून. एकेक जण बाहेर पडत गेला. शेवटी तिघं राहिलो. माझा दुसरा नंबर आला. पहिला एका म्हाताऱ्याला मिळाला. त्याच्या ग्लासात माझ्याहून कमी पाणी उरलं होतं, पण त्याची घोडी वेगात होती. ठीकच होतं. मला काही वाटलं नाही असं लिहिणार होते, पण खाली उतरल्यावर मी बराच वेळ साकरच्या मानेला धरून उभी राहिले. रुपजीकाकांनी ते बघितलं. त्यांनी ग्लास माझ्या हातातून घेतला, माझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाले, "पी आता."

मग मगनभाई आले. वापीकडचे, त्यांचा वरातीचा धंदा. पाच घोडे, एक बग्गी. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. त्यांनी साकरच्या पाठीवरून हात फिरवला तो घोड्यांत वाढलेल्या माणसाचा हात होता. दात बघितले, खूर उचलून बघितले. मोहरकीकडे हात नेला तेव्हा रुपजीकाकांनी घोडीचं तोंड वळवलं. "कानाला हात लावू देत नाय ती," ते म्हणाले. साकर कुणालाही कानाला हात लावू देत असे. हसमुखभाई दूर खुर्चीवर बसून दुसरीकडे बघत होते, सुई टोचताना बघायचे तसे.

भोवरा घर रडवतो यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण वरातीची घोडी रोज नव्या घरी जाते. आज ना उद्या कुणाच्या तरी आत्याने नवरदेवाला ओवाळताना तो गोंडा बाजूला केला असता. मग मगनभाईंनी ती पुढे विकली असती, पुन्हा गोंडे लावून, आणि पुढच्याने त्याच्या पुढच्याला.

या लोकांत एक रीत आहे. किंमत मालकाला विचारायची, खोट बसणाऱ्याला. मालक विकायला बसलेला असतो, त्याच्या बोलण्यावर जात नाहीत. जो रोज पाठीवर बसतो त्याचा शब्द धरतात, आणि त्याने एकदा सांगितलं की मग बोलणं संपतं. पुढे काही निघालं तर तोंड त्याचं काळं होतं, मालकाचं नाही. मला ही रीत माहीत होती. फक्त ती माझ्यापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. कारण मी नोकरीला जाणारी मुलगी, वेळ मिळेल तशी बसणारी. मला वाटलं होतं, ते रुपजीकाकांना विचारतील.

पुढे काय झालं ते इथेच सांगते. त्या दिवशी व्यवहार झाला नाही. महिन्याभराने सौराष्ट्रातला एक शेतकरी आला. त्याने स्वतः मोहरकी काढली, भोवरा बघितला, म्हणाला, माझ्या घरी रडायला आता कोणी राहिलेलं नाही, आणि साकरला घेऊन गेला. मी लॅबमध्ये होते. टेम्पो तलासरी नाक्यावरूनच गेला असणार. हसमुखभाई मेळ्याच्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासे झाले. रुपजीकाका मात्र एकदा सुनेचं रक्त तपासायला तिला घेऊन लॅबवर आले, बाकावर बसले आणि जाताना म्हणाले, "नीट चालायची ती." सुरतेला निघण्याआधी हसमुखभाईंनी शेवटच्या तपासणीला मलाच बोलावलं. हात पुढे केला. रक्त कमी घे म्हणाले नाहीत. मी हवं तेवढंच घेतलं.

आता मी घोड्यावर बसत नाही. सकाळ मोकळी आहे, सातपर्यंत झोपता येतं. तरी आज तिथी कोणती, हे अजून मला न बघता माहीत असतं.

त्या दुपारी लाउडस्पीकरवर कुणाचा तरी हरवलेला मोबाइल सापडल्याचं सांगत होते. मगनभाईंनी रुमालाने हात पुसले आणि ते रुपजीकाकांना ओलांडून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बेन, रोज तुम्ही बसता ना? तुम्ही सांगा. ऐब काय? खोट?"

रुपजीकाका माझ्याकडे बघत होते. त्यांनी डोळ्यांनी काहीच सांगितलं नाही. 'काही नाही' असं म्हणणं सोपं होतं, ते मला तोंडपाठ होतं. भोवरा सांगून गप्प बसणंही सोपं होतं. तेवढ्यावर मगनभाई निघून गेले असते आणि मला बाकीचं कुणी विचारलं नसतं. मी लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मगनभाई थांबले. मला वाटतं, माझ्या बोलण्यासाठी याआधी इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं.

"डाव्या डोळ्याखाली आसूढाळ आहे," मी म्हणाले. "गोंडे वर करून बघा. पण भाई, तेवढंच नाही. मला ती जायला नको आहे."